पुसलेला दिवस

दमयंती वसावेला सरकारी कागद भिली भाषेत आणण्याचा परवाना एका अटीवर मिळाला होता. काम संपलं की कचेरीच्या दारातल्या यंत्राखाली बसायचं आणि दिवसभर वाचलेलं सगळं डोक्यातून पुसून घ्यायचं. आजही ती तशीच घरी आली.

“डोळे का सुजलेत?” आईने विचारलं.

“आठवत नाही. तिथे रडले असेन.”

मागे एकदा ती अशीच सुजल्या डोळ्यांनी आली होती. पंधरा दिवसांनी शेजारच्या गावाला नोटीस लागली आणि धरणासाठी ते गाव उठलं.

आईने तिच्यापुढे भाकरी ठेवली, पाठीवरून हात फिरवला. मग कणगीतलं बियाणं काढून पोत्यात भरायला घेतलं.

“पेरणीला अजून वेळ आहे गं, आई.”

“असू दे. तू जेव.”