रजेचं कारण

“आजार की खासगी?” बाईंनी पेनचं टोपण काढत विचारलं.

हॉस्पिटलच्या लाँड्रीत सुपरवायझरबाईंची खोली म्हणजे काचेचा एक खोका. बाहेरच्या यंत्रांची घरघर आत ऐकू येते, आणि आतलं सगळं बाहेरच्यांना दिसतं. बाईंच्या समोर ती खुर्चीच्या कडेला टेकली होती. एकोणपन्नास दिवसांनी कामावर आली होती. समोर रजेचा अर्ज होता आणि त्यात कारणाचे दोनच रकाने होते.

“खासगी लिहा,” ती म्हणाली.

“नीट विचार करून सांगा. खासगी रजा महिन्याच्या वर गेली की टेबल जातं. मग तळघरात एकटीनं मळके कपडे निवडत बसावं लागेल. नियम काही मी केलेला नाही.”

नियम तिला ठाऊक होता. वरच्या टेबलावर धुतलेल्या चादरींच्या घड्या घालायच्या, दोघींनी समोरासमोर उभं राहून. नऊ वर्षं तिच्यासमोर एकच बाई उभी होती. तिला सगळे तोफ म्हणत, कारण ड्रायरच्या वर जाणारा आवाज त्या लाँड्रीत तिचा एकटीचाच. चादरींबरोबर दोघींनी सासवा, नणंदा आणि नवरे यांच्याही व्यवस्थित घड्या घातल्या होत्या. ते टेबल तिला सोडायचं नव्हतं.

पण खोटं कसं लिहायचं? आजारी माणसाला ताप येतो, हाड मोडतं, चारचौघांना दाखवण्यासारखं काहीतरी असतं. ती तर हातीपायी धड होती. मोठ्या जावेनं तोंडावर सुनावलं होतं, “कंटाळा आम्हालाही येतो. म्हणून आम्ही काय अंथरूण धरतो?” आणि खरं सांगायचं तर जावेचं म्हणणं तिला पटलंही होतं. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं म्हणतात. हिचं आलं तेच मुंगीच्या पावलांनी. घरात कुणाला चाहूल लागली नाही. डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, कामावर दाखवायला चिठ्ठीही दिली. गोळ्या तिनं नेमानं घेतल्या. चिठ्ठी पर्समध्येच राहिली.

“खासगीच लिहा,” ती पुन्हा म्हणाली. “मनात आणलं असतं तर आले असते मी.”

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. टकटक करून आत येणं तोफेच्या रक्तातच नव्हतं.

“अहो बाई, बाहेर चादरींचा डोंगर झालाय. किती वेळ लिहिताय?”

“खासगी कारण लिहा म्हणतायत या,” बाई म्हणाल्या.

“खासगी? हिचं?” तोफेनं कमरेवर हात ठेवले. “थांबा. आधी मला बोलू द्या, मग काय ते लिहा.”

तिनं मान खाली घातली. सात आठवडे तोफेनं नवख्या पोरींना हाताशी धरून रडतखडत काम ओढलं होतं. आता जे काही ऐकावं लागेल ते मुकाट ऐकायचं, असं तिनं ठरवलं.

“ही सोंग करतेय म्हणून मीच सगळ्यांना सांगत सुटले होते,” तोफ म्हणाली. “दुसऱ्या आठवड्यात शिफ्ट सुटल्यावर सरळ हिच्या घरी गेले, चांगली खरडपट्टी काढायला. रस्ताभर काय काय बोलायचं त्याची उजळणी केली. दार हिच्या मुलीनं उघडलं. नुकतीच शाळेतून आलेली, दप्तर पाठीवरच. आणि ही तिथंच, दाराशी स्टुलावर. अंगात युनिफॉर्म, खांद्याला पर्स, केस बांधलेले. एक बूट पायात, दुसरा हातात.”

बाईंनी पेन खाली ठेवलं.

“दुपारचे तीन वाजले होते, बाई. आपली शिफ्ट सकाळी सहाची. पोरीला विचारलं, कधीपासून बसलीय गं? तर म्हणाली, सकाळी उठले तेव्हा आई अशीच होती. रोज निघते ती. आणि पोरीनं हिच्या हातातला बूट हळूच काढून घेतला, मग पायातला. हिनं माझ्याकडे बघितलं, पण मी काही हिला दिसले नाही. माझ्या तोंडून शब्द फुटेना. माझ्या! तशीच माघारी आले. त्या दिवसापासून हिच्याबद्दल वाकडा शब्द काढणाऱ्याची मी खैर ठेवलेली नाही.” तिनं अर्जावर बोट आपटलं. “ज्याला घरी बसायचंय तो लोळत पडतो. युनिफॉर्म घालून रोज नऊ-नऊ तास दाराशी बसायची हौस असते का कुणाला?”

तिला तोफ आल्याचं आठवत नव्हतं. बुटाची नाडी आठवत होती आणि मुलीचे हात आठवत होते. आपल्याला तशा अवस्थेत कुणीतरी पाहिलं होतं, आणि पाहिल्यापासून ते माणूस आपल्या बाजूनं भांडत होतं. त्या आडदांड बाईच्या गळ्यात पडून रडावं असं तिला वाटलं. आणि संध्याकाळी घरी गेल्यावर पोरीला आधी जवळ घ्यायचं, असंही.

तिनं पर्स उघडली आणि चिठ्ठी टेबलावर ठेवली.

बाईंनी ती वाचली. आजाराच्या रकान्यात खूण केली. मग तापातून उठलेल्या माणसाला विचारतात, तितक्याच साध्या आवाजात त्यांनी विचारलं, “आता कसं वाटतंय?”

एक डॉक्टरीणबाई सोडल्या तर हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता. सगळ्यांनी विचारलं होतं ते ‘का’ आणि ‘कधीपर्यंत’.

“बरं वाटतंय,” ती म्हणाली. “आज दोन्ही बूट घातले.”