कुमुदआत्याचं पान

सर्वपित्री अमावास्येला गच्चीच्या कठड्यावर पानं ठेवली की आजोबांच्या पानावर कावळे तुटून पडत, कुमुदआत्याच्या पानाकडे मात्र एकही फिरकत नसे. "बाईंची काहीतरी इच्छा राहिलीय," असं गुरुजी दरवर्षी म्हणत आणि बाबा मान खाली घालत.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी वृंदाला मनाच्या आजारावर गोळ्या दिल्या. स्थळं सांगून येतायत म्हणून आईने त्या मोहरीच्या डब्यामागे लपवल्या, तेव्हा काकांना राहवलं नाही. "तुझ्या आत्यालाही हेच झालं होतं. ती गेलेली नाही गं, मनोरुग्णालयात आहे. लोकांना तोंड कसं दाखवायचं, म्हणून तुझ्या बाबांनी ती वारली असं सांगून टाकलं."

आज बाबांनी आत्याचं पान उचललं, तोच वृंदाने ते त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि त्यातला भात, वडे, खीर डब्यात भरायला सुरुवात केली.

"अगं, पितरांचं आहे ते!"

"पितरांची पानं गेली कठड्यावर. हे तुमच्या बहिणीचं आहे. कावळ्यांना इतकी वर्षं कळतंय, आता माणसांनाही कळू दे."

मोहरीच्या डब्यामागची गोळी वृंदाने सगळ्यांदेखत गिळली आणि चपला घातल्या.

बाबा उठून आत गेले. आले ते छोटा डबा घेऊन.

"खीर वेगळी घे," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "भाताला लागलेली कुमुदला चालत नाही."