निनावी ब्लॉग

मंदीत हरीशची नोकरी गेली, त्याला दोन महिने होत आले होते. आईला सांगायला जीभच रेटेना, म्हणून तो रोज इस्त्रीचा शर्ट घालून गुडगावच्या फ्लॅटमधून निघे आणि सायबर कॅफेत जाऊन बसे. अर्ज धाडून धाडून थकला, उत्तर एकाचंही येईना. डोकं फिरायची वेळ आली, तेव्हा त्यानं एक निनावी ब्लॉग उघडला.

पण लिहायचं कशावर? कॉम्प्युटरवर लिहावं तर नोकरी आठवे, गुडगाववर लिहावं तर डोळ्यांसमोर ऑफिसांचे मनोरेच उभे राहात. शेवटी त्यानं देवाला हात जोडले, आणि लहानपणी आईच्या मांडीवर बसून ऐकलेली कीर्तनं बोटांतून उतरू लागली. गावचं राममंदिर, बुवांच्या झांजा, आख्यान ऐन रंगात आलं की ह्याला हटकून लागणारी झोप. तेवढा वेळ तरी जीव थाऱ्यावर राही.

एका संध्याकाळी तो घरी आला, तर शेजारची अबोली लॅपटॉप घेऊन आलेली आणि आई चष्मा लावून त्यात बुडालेली.

"काकू बिल्कुल उठत नाहीयेत यार! म्हणतात, हे आमच्याच गावचं मंदिर."

हरीशनं वाकून पाहिलं, ब्लॉग त्याचाच होता. अबोली गेल्यावर आईनं त्याला जवळ बसवलं.



"फार गोड लिहितोस रे. पण प्रत्येक लेखाखाली वार आणि वेळ येते, बाळा. सगळे सोमवार ते शुक्रवार, भर दुपारचे. उद्यापासून घरीच बसून लिही."