पंधरा दिवस आधीची तारीख

"चाकं भरली का कंटेनरमध्ये?" फोन लागताच कॅलेंडरने विचारलं. नमस्कार-चमत्कार काही नाही.

ऑफिसात सगळे त्याला कॅलेंडरच म्हणत. परदेशातला कुठला कारखाना कधी बंद आणि कधी सुरू, हे त्याला स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्कं पाठ. व्हीलचेअरची चाकं पाठवणारा कारखाना उद्यापासून पंधरा दिवस बंद होणार होता. मालक टेबलासमोर उभे होते, बसा म्हटलं तरी बसत नव्हते. हॉस्पिटलची दोनशे खुर्च्यांची ऑर्डर वेळेत गेली नाही, तर दुसरी नोकरी बघ, असं त्यांनी सकाळीच सुनावलं होतं.

"चाकं आता सुट्टीनंतर," तिकडून माल पाठवणारी बाई मजेत म्हणाली. "मी गाडीत बसलेय, आईकडे चालले."

"अहो, पण मी आजची तारीख कळवली होती!"

"भाऊ, नऊ वर्षं झाली. माल लागतो त्याच्या पंधरा दिवस आधीची तारीख तुम्ही नेहमी सांगता, हे काय मला कळत नाही? गेल्या वर्षी सुट्टीतले दोन दिवस माणसं थांबवून तुमचा माल काढला, आणि तो तुमच्याच गोदामात धूळ खात पडला. यंदा माल भरणाऱ्या पोरींना म्हटलं, जा घरी, भाऊंचं काही अडत नाही."

ते दोन दिवस कॅलेंडरलाही वर्षभर टोचत होते. म्हणून तर या वेळी त्याने पहिल्यांदाच खरी तारीख लिहिली होती. ती खरी आहे, एवढं लिहायचं राहिलं. पण तसं कोण लिहितं?

मालकांनी भुवया उडवल्या. त्यांच्याकडे पाठ करून तो खिडकीपर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला.

"थांबा," बाईचा आवाज बदलला. "यंदाची तारीख खरी होती की काय?"

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सांगा ना. गाडी सुटायला सात मिनिटं आहेत. आमच्या गोदामाची किल्ली माझ्याच पर्समध्ये आहे. चौघीजणी याच डब्यात आहेत, त्यांना उतरवते, रात्रीपर्यंत माल भरून होईल. पुढच्या गाडीचं तिकीट चार दिवस मिळायचं नाही, ते बघू आम्ही. फक्त खरं सांगा."

मागून बायकांचं हसणं ऐकू येत होतं. कुणाला तरी खिडकीची जागा हवी होती, दुसरी देत नव्हती.

कॅलेंडर हो म्हणणार होता. अगदी नक्की.

"छे हो," तो म्हणाला. "दरवर्षीसारखंच. पंधरा दिवस हातात आहेत. जा तुम्ही."

"वाटलंच मला!" बाई खो खो हसली. "तुम्ही काही सुधारायचे नाही." फोन बंद झाला.

मालक पुढे सरकले. "काय म्हणाली? निघाला का माल?"

कॅलेंडर खाली बसला.

"त्यांना सुट्टी लागली," तो म्हणाला. "सगळ्याजणी घरी निघाल्या."