उलटी चांदणी

"बन्सीलाल, टपालना दोन्ही तिकिटस्वर राजा तोच. मंग फरक काय शे?"

"कागदमा लपेल चांदणी येगळी शे, हिलालभाऊ!"

हरेल त्यानं म्हसावदच्या बाजारात हिरवी मिरची चावायची, अशी पैज लागली. ओलं तिकीट काळ्या तव्यावर पालथं टाकलं की कागदातल्या जलचिन्हाची चांदणी फुकटात दिसते, म्हणून बन्सीलाल तवा आणायला आत गेला. तेवढ्यात मी त्याची तिकिटं खिशात घातली अन् एकाच पाकिटावरून सोडवलेली माझी दोन एकसारखी दिसणारी मांडली. आता दाखव म्हटलं फरक!

तव्यावर वाकलेला बन्सीलाल नाचायलाच लागला. "एक सरळ, एक उलटी! हाई उलटी चांदणी कितला दिनपासून धुंडी ऱ्हायनू मी!"

 

भर बाजारात मिरची चावून माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या, तरी बन्सीलालचा हात पुढंच. "उलटी मन्हाकडे व्हतीच नही! आते खिसामातला मन्हा दोन्ही तिकीट बी काढ, भाऊ!"