सहा वर्षांचा अनुभव

बायोडेटातला ‘अनुभव’ हा रकाना कोरा, म्हणून चार ठिकाणांहून नकार आले होते. शेवटी मैत्रीण वैतागली. "अगं शहाणे, सहा वर्षं बापाचं लाँड्रीचं दुकान कोण ओढतंय? तेच लिही की!" मग मुलीने लिहिलं: कपडे घेणं, त्यांना नंबर लावणं, डाग राहिला म्हणून भांडायला आलेल्या गिऱ्हाइकाला हसवून परत पाठवणं. घरात मात्र ती काही बोलली नाही. पाचवा नकार आला असता तर वडिलांचा चेहरा तिला पाहवला नसता.

आठवड्याने, तिने अर्ज केलेल्या पाचव्या कंपनीतून दुकानात फोन आला, तेव्हा ती कपडे पोचवायला गेली होती. इस्त्री उभी करून वडिलांनी फोन घेतला.

"तुमच्या मुलीने सहा वर्षं दुकानात काम केलंय, असं लिहिलंय तिने. खरं ना?" कंपनीतल्या बाईंनी विचारलं.

 लाँड्रीच्या कामापायी एवढ्या मोठ्या लोकांत पोरीची मान खाली जायला नको, असं वडिलांना वाटलं.

 

"छे हो बाई! फुलासारखी वाढवलीय तिला. दुकानातली इकडची काडी तिकडे करू दिली नाही कधी!"