दारावरचं नाव

माझी धाकटी जाऊ गिरिजा हिने इंग्लंडमधल्या एका खेड्यात तीनशे वर्षांपूर्वीचं दगडी घर घेतलं आणि फॅमिली ग्रुपवर रोज फोटो पडायला लागले. दोन फूट जाड भिंती काय, दगडी कौलं काय! इथे अमेरिकेत, नोव्हायमध्ये, आमच्या लाकडी घराच्या भिंतीवर बुक्की मारली तर हात पलीकडे जाईल. सासूबाई तिच्या प्रत्येक फोटोला हार्ट टाकायच्या.

शेवटी मी हट्टाने घराला पुढून दगड लावून घेतला. इंचभर जाडीचा, चिकटवायचा.

"मागून लाकूडच दिसतंय," माझा नवरा देवदत्त म्हणाला.

"फोटो मागून कोण काढतंय?" मी म्हटलं आणि दारात उभी राहून काढलेला फोटो ग्रुपवर टाकला.

दिवसभर गिरिजाचं अवाक्षर नाही. जळली वाटतं, म्हणून मी खूश. मग तिचा फक्त मला मेसेज आला.



"वहिनी, तुमच्या दारावरची 'सबनीस' पाटी झूम करून बघितली. आमच्या दारावर पहिल्या मालकाचंच नाव कोरलंय आणि घर सरकारी वारसा यादीत असल्याने त्या दगडाला हात लावायची परवानगी नाही. आईंनी दिलेली आमची पाटी अजून बॅगेतच आहे."